मुंबईहून पहिल्यांदाच देशांतर्गत विमानाने निघताय? ओळखपत्राची तयारी घरीच अशी करा

लोकलचा पास खिशात टाकून निघायची सवय असलेल्या माणसाला विमानतळावरची पहिली अडचण दारातच येते. टर्मिनलच्या काचेच्या दाराबाहेर सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान उभा असतो. त्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. बॅगा, वजन, खिडकीची सीट हे सगळं नंतर. तो तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच आहे का ते पाहतो, कार्डावरचा चेहरा समोरच्या माणसाचा आहे का ते पाहतो, आणि तिकीट आजचं आणि याच टर्मिनलचं आहे का तेही पाहतो. या गोष्टी जुळल्या की काही सेकंदांत आत. एखादी जुळली नाही, तर मागची रांग पुढे सरकत राहते आणि तुम्ही बाजूला उभे राहता.

म्हणून ओळखपत्राची तयारी तिकीट काढायला बसता त्या दिवसापासूनच करायची असते. निघायच्या सकाळी फारसं काही सुधारता येत नाही.

कोणतं कार्ड चालतं

आधार हवंच, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ही केंद्र सरकारची यंत्रणा ठरवते. तिच्या यादीत अनेक ओळखपत्रं आहेत, आणि त्यातलं कुठलंही एक पुरतं: पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाइलवरचं एमआधार, पॅन कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, नोकरीच्या ठिकाणचं फोटो ओळखपत्र, मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटो ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं साक्षांकित फोटो असलेलं पासबुक, फोटो असलेलं पेन्शन कार्ड किंवा पेन्शनचे कागद, आणि दिव्यांगांसाठी सरकारने दिलेलं फोटो ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र.

यादी लांबलचक असली तरी सगळी कार्डं सारख्याच सहजतेने चालतात असं समजू नका. पासपोर्ट, आधार, मतदार कार्ड, पॅन आणि परवाना ही पाच जवानांच्या रोजच्या नजरेतली. त्यांच्यावर चर्चा होत नाही. ऑफिसच्या कार्डाचं तसं नाही. गळ्यातल्या पट्टीत अडकवलेल्या कार्डावर फक्त पहिलं नाव आणि कंपनीचं चिन्ह असेल, पूर्ण नाव किंवा सहीशिक्का नसेल, तर प्रश्न विचारले जाणारच. नुसत्या ऑफिसच्या कार्डावर विसंबून निघू नका.

पासबुकाबद्दल नीट समजून घ्या. यादीत राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक आहे, तेही आत फोटो चिकटवून त्यावर बँकेचा शिक्का मारलेला असेल तर. पतपेढीचं पासबुक यात बसत नाही. सहकारी बँकेचंही नाही. आणि हल्ली मशीनवर छापून मिळणाऱ्या बऱ्याच पासबुकांत फोटोच नसतो. गावाकडून येणारी ज्येष्ठ मंडळी पासबुक आणि रेशन कार्ड पिशवीत घालून निघतात, कारण सरकारी कामाला तेच लागतं. रेशन कार्ड विमानतळाच्या यादीत नाही. लोकलच्या पासाबरोबरचं रेल्वेचं ओळखपत्र, एसटीचं सवलत कार्ड, सोसायटीचं कार्ड, क्लबचं कार्ड ही यादीबाहेरचीच. आजी-आजोबांना नेणार असाल तर त्यांचं मतदार कार्ड किंवा आधार कुठे ठेवलंय ते आठवडाभर आधी विचारा. बहुधा ते गावच्या घरी कपाटात, कुठल्याशा फाइलमध्ये असतं.

मुदत संपलेलं कार्ड चालत नाही. आधार, पॅन आणि मतदार कार्ड यांना मुदत नसते, पण पासपोर्ट आणि परवान्याला असते. परवान्यावरची तारीख बारीक छापलेली असते आणि वर्षानुवर्षं कोणी ती पाहत नाही. आजच पाहून घ्या.

मूळ कार्ड, झेरॉक्स आणि फोनमधला फोटो

गेटवर सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे. आधारची झेरॉक्स ओळखपत्र म्हणून चालत नाही. फोनच्या गॅलरीत असलेला आधारचा फोटो, व्हॉट्सअॅपवर मुलाने पाठवलेला पॅनचा फोटो, लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स, यातलं काहीही चालत नाही. फोटो कोणाचाही काढता येतो आणि झेरॉक्सवर हवं ते नाव छापता येतं, त्यामुळे जवान ते नाकारतो यात त्याचं काही चुकत नाही.

एमआधारचा प्रकार वेगळा. ते आधार प्राधिकरणाचं अधिकृत अॅप आहे आणि २०१७ पासून विमानतळांवर ओळख म्हणून मान्य आहे. मात्र ते अॅपमध्ये उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट काढून नाही. अॅप सुरू करताना आधारशी जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. नंबर जुना असेल, बंद झालेला असेल, किंवा घरातल्या सगळ्यांच्या आधारला वडिलांचाच नंबर असेल आणि वडील नाशिकला असतील, तर गेटवर उभं राहून ते अॅप सुरू होणार नाही. एमआधार वापरायचं असेल तर घरी वायफायवर सुरू करा, पिन घालून बंद करा, पुन्हा उघडा. दोनदा नीट उघडलं की मगच त्यावर भरवसा ठेवा.

आधारच्या कागदाबद्दलही लोकांच्या मनात गोंधळ असतो. टपालाने आलेलं पत्र, संकेतस्थळावरून उतरवलेलं ई-आधार, एमआधार आणि प्राधिकरणाकडून मागवलेलं प्लास्टिकचं पीव्हीसी कार्ड ही चारही रूपं प्राधिकरणाच्या लेखी सारखीच ग्राह्य आहेत. ई-आधारची फाइल उघडायला पासवर्ड लागतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला जोडून जन्माचं वर्ष. नाक्यावरच्या दुकानातून छापून घेतलेल्या प्लास्टिकच्या आधारबद्दल मात्र, त्यात सुरक्षेची चिन्हं नसल्यामुळे ते वापरू नका, असं प्राधिकरणाने स्वतःच सांगितलं आहे.

आपल्याकडे टपालाने आलेल्या पत्राचा खालचा भाग कापून, मधोमध दुमडून खिशात ठेवायची पद्धत आहे. चार-पाच वर्षांत ती घडी बरोबर फोटोवरून जाते, नाक-डोळे पांढरे पडतात आणि नावाची अक्षरं पुसट होतात. असं कार्ड मूळ असलं तरी त्यावरून चेहरा जुळवायचा कसा? तुमचं आधार त्या अवस्थेत असेल तर पीव्हीसी कार्ड मागवा, किंवा सरळ दुसरं ओळखपत्र घेऊन निघा.

आमचा साधा सल्ला असा: एक मूळ कार्ड खिशात आणि दुसरं एखादं फोनमध्ये अधिकृत अॅपवर. फोनची बॅटरी संपते, स्क्रीन फुटते. कार्डाला चार्जिंग लागत नाही.

नाव: खरी गफलत इथे होते

मराठी नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तिकिटाच्या फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी दोनच रकाने असतात, पहिलं नाव आणि शेवटचं नाव. मधल्या नावाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. देशांतर्गत प्रवासात मधलं नाव गाळलं तरी सहसा अडत नाही. पहिलं नाव आणि आडनाव कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, ते महत्त्वाचं. मधलं नाव घालायचंच असेल तर ते पहिल्या नावाच्या रकान्यात, त्याच्यापुढे घाला. आडनावाच्या रकान्यात घालू नका.

आडनाव आधी लिहायची आपली शाळेपासूनची सवयही इथे नडते. ‘पाटील सुरेश रामचंद्र’ असं जुन्या कागदांवर असतं, आणि घाईत तसंच टाइप केलं की पहिल्या नावाच्या जागी पाटील आणि आडनावाच्या जागी रामचंद्र जातं. जवान समजूतदार असला तर सोडेलही, पण चेहरा ओळखून दार उघडणाऱ्या डिजीयात्रा यंत्रणेचं मशीन सोडत नाही.

मग स्पेलिंग. दीपकमध्ये डबल ‘ई’ की ‘आय’? पूजामध्ये डबल ‘ओ’ की ‘यू’? लक्ष्मीमध्ये ‘एक्स’ की ‘केएसएच’? वाघमध्ये ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’? मुंबईतले जाधव शेवटी ‘व्ही’ लिहितात, विदर्भातले कित्येक जण ‘ओ’ लिहितात. चव्हाणमध्ये मधला ‘एच’ कोणी घालतं, कोणी नाही. एकाच माणसाच्या आधारवर एक आणि पॅनवर दुसरं स्पेलिंग असणं अगदी सर्रास. उपाय सोपा आहे. प्रवासात जे कार्ड दाखवणार आहात ते आधी ठरवा, ते समोर ठेवा आणि त्यावरचं इंग्रजी नाव पाहून फॉर्म भरा. आठवणीवर जाऊ नका.

दुसऱ्याकडून तिकीट काढून घेत असाल तर जास्त जपा. घाईची तिकिटं, म्हणजे गावाकडे कोणी वारल्याचा फोन आला आणि भाच्याने रात्री दीड वाजता मोबाइलवर बुक केलं, अशी तिकिटं हमखास चुकतात. भाच्याला मामाचं कागदावरचं नाव माहीतच नसतं, तो ‘बाळामामा’मधला बाळा लिहून मोकळा होतो. एजंटला किंवा नातेवाइकाला नाव तोंडी सांगू नका, टाइप करून पाठवा. कार्डाचाच फोटो पाठवायचा असेल तर आधारचं मास्क केलेलं रूप पाठवा. त्यात नाव आणि फोटो दिसतात, नंबराचे मात्र शेवटचे चारच आकडे दिसतात.

लग्नानंतरचं नाव हा एक मोठा विषय आहे. आधार सासरच्या नावाचं, पॅन माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट अजून काढलेलाच नाही, अशी परिस्थिती कित्येक घरांत असते. त्यात गैर काही नाही. तिकीट ज्या नावाने आहे त्याच नावाचं कार्ड दाखवायचं, एवढंच. नवऱ्याने कौतुकाने नव्या आडनावाने तिकीट काढलं आणि पिशवीत फक्त माहेरच्या नावाचं कार्ड असेल, तर अडचण येते. लग्नाचं प्रमाणपत्र जवळ असलं तर समजावून सांगायला मदत होते, पण ते स्वतः ओळखपत्र नाही. त्याच्या भरवशावर जाऊ नका. लग्नाच्या धामधुमीतच मधुचंद्राची तिकिटं निघतात, तेव्हा ती सरळ माहेरच्या नावाने काढणं सर्वांत सुरक्षित.

कागदोपत्री एकच नाव असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या कार्डावर आडनावच नाही त्यांनी, एअरलाइनच्या सूचना वाचून घ्याव्यात. साधारणपणे दोन्ही रकान्यांत तेच नाव पुन्हा लिहायला सांगतात.

बोर्डिंग पास, म्हणजे विमानात चढताना दाखवायचा पास, हातात आला की काहीजण दचकतात. त्यावर आधी आडनाव, मग तिरपी रेघ, मग पहिलं नाव आणि त्यालाच चिकटून ‘एमआर’ किंवा ‘एमएस’ असं छापलेलं असतं. नाव वेगळंच झालंय असं वाटतं. ती चूक नसते. शेवटची दोन-तीन अक्षरं श्री, सौ., कुमारी यांच्या जागची असतात, आणि विमान कंपन्यांची छपाईची रीतच तशी आहे.

चूक झालीच तर

तिकीट आल्यावर पाच मिनिटांत ते उघडून वाचा. नाव, तारीख, उड्डाणाचा नंबर, विमानतळ आणि टर्मिनल. तिकीट थेट एअरलाइनच्या संकेतस्थळावरून काढलं असेल आणि नावातली चूक २४ तासांच्या आत कळवली, तर त्याच प्रवाशाच्या नावाच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे एअरलाइनने घ्यायचे नाहीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. चोवीस तास उलटले, किंवा तिकीट दुसऱ्या संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून घेतलं असेल, तर ज्याने तिकीट दिलं त्याच्याकडेच जावं लागतं. मग वेळ लागतो आणि शुल्कही लागू शकतं.

एखाद-दोन अक्षरांची चूक एअरलाइन सहसा सुधारून देते. सुनीताच्या जागी अनिता मात्र होत नाही. तो प्रवासी बदलणं झालं, आणि देशांतर्गत तिकीट एका माणसाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नवं तिकीट काढावं लागतं. वेब चेक-इन, म्हणजे ऑनलाइन हजेरी नोंदवून बोर्डिंग पास काढणं, करण्याआधी दुरुस्ती मागा. चेक-इन झाल्यावर तीच गोष्ट किचकट होते.

लहान मुलं

वैध ओळखपत्र असलेल्या आई-वडिलांबरोबर किंवा पालकाबरोबर जाणाऱ्या मुलांना गेटवर वेगळ्या ओळखपत्राची सक्ती नाही. पण एअरलाइनला वय पाहायचं असतं, आणि तो हिशोब वेगळा.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून, वेगळ्या सीटशिवाय जातं. त्यासाठी वयाचा पुरावा काउंटरवर दाखवावा लागतो: महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड किंवा आईचा हॉस्पिटलमधला डिस्चार्जचा कागद. पुरावा नसेल तर पूर्ण भाडं भरायला लावतात. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. जाताना बाळ तेवीस महिन्यांचं असेल आणि परतीच्या आधी दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला त्याच्यासाठी सीट घ्यावी लागते. बाळाबरोबर असताना वेब चेक-इन बऱ्याचदा पूर्ण होत नाही आणि काउंटरवर जावंच लागतं. तेवढा वेळ हातात ठेवा.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं दिसायला मोठी असतात. ती पालकांबरोबर असली तरी त्यांचं शाळेचं किंवा कॉलेजचं कार्ड बरोबर घ्या. एकटी जात असतील तर स्वतःचं ओळखपत्र हवंच. त्याहून लहान मूल एकटं पाठवायचं असेल तर एअरलाइनची त्यासाठीची खास सेवा आधी बुक करावी लागते. सोडायला येणाऱ्याचं आणि पलीकडे घ्यायला येणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहून द्यायचं असतं, आणि घ्यायला येणाऱ्याजवळ त्याच नावाचं ओळखपत्र हवं. तिकडे ऐनवेळी काकांऐवजी शेजारी आले तर मूल त्यांच्या हाती देत नाहीत.

सवलतीचं तिकीट, सवलतीचा पुरावा

विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक किंवा सैन्यदलाच्या सवलतीने तिकीट घेतलं असेल तर ओळख आणि सवलतीचा हक्क अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. ज्येष्ठाचं वय आधारवर दिसतं, पण विद्यार्थ्याला आधारबरोबर कॉलेजचं चालू वर्षाचं कार्डही हवं. बुकिंगच्या पानावर ‘विद्यार्थी’ या पर्यायावर चुकून खूण पडली आणि भाडं थोडं कमी दिसलं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही, तर काउंटरवर फरकाची रक्कम भरावी लागते, किंवा विमानात घेत नाहीत. पैसे भरण्याआधी ती खूण तपासा.

डिजीयात्रा

रांग टाळायची असेल तर डिजीयात्रा उपयोगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ती दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मुंबईत आली. फक्त देशांतर्गत प्रवासासाठी आहे आणि पूर्णपणे ऐच्छिक. कोणी जबरदस्ती करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि साध्या रांगेतून जा.

घरी बसून अॅप उतरवा, मोबाइल नंबर घाला, डिजीलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अॅपमधून आधार जोडा आणि सेल्फी काढा. चष्मा काढून, चेहऱ्यावर उजेड येईल असे बसा. आधारवरचा फोटो शाळकरी वयातला असेल तर इथेच अडकायला होतं. वेब चेक-इन झालं की बोर्डिंग पास अॅपमध्ये चढवा. आधारवरचं आणि पासवरचं नाव जुळलं नाही तर अॅप पास स्वीकारत नाही, म्हणजे नावाची चूक विमानतळावर न कळता घरीच कळते. शेवटी, पास विमानतळाला ‘शेअर’ करायला विसरू नका. अर्धे लोक पास चढवून थांबतात, मग गेटवर दार उघडत नाही. शेअर केलं असेल तर गेटवर पासचा कोड स्कॅनरवर धरायचा, टोपी काढून कॅमेऱ्याकडे पाहायचं आणि आत जायचं. विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांच्या आत पुसली जाते, असं ही यंत्रणा सांगते.

घरातल्या एकाकडेच डिजीयात्रा असेल तर बाकीच्यांना साध्या रांगेतूनच यावं लागतं, मग एकट्याने पुढे जाऊन फायदा नाही. आणि डिजीयात्रा असली तरी मूळ कार्ड खिशात हवंच. मशीन बंद पडलं की परत जवानासमोरच उभं राहायचंय.

निघताना: कुठला विमानतळ, कुठलं टर्मिनल

ओळखपत्र बरोबर आणि टर्मिनल चुकीचं, तरी जवान आत सोडत नाही. मुंबईत हे फार होतं. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची दोन टर्मिनलं एकमेकांपासून चांगलीच लांब आहेत. टी१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी२ अंधेरी पूर्वेला सहारला. देशांतर्गत विमानं टी२ वरूनही सुटतात, त्यामुळे ‘डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ’ हा जुना हिशोब धरू नका. मेट्रो ३ वर दोन्ही टर्मिनलांची वेगळी स्टेशनं आहेत. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर मुंबईचा कोड ‘बीओएम’ असतो, नवी मुंबईचा ‘एनएमआय’. नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला, आणि उलवे आणि सहार यांच्यात अख्खी खाडी आहे. शेवटच्या क्षणी कळलं तर विमान मिळणं कठीण.

बहुतेक एअरलाइन्सचं काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. तुमच्या तिकिटावरची वेळ पाहून घ्या. दोन तास आधी पोहोचलात तर ओळखपत्राचा घोळ सोडवायलाही वेळ उरतो.

गेटवर आणि आत

तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, गर्दीत नेटवर्क दगा देतं. नुसता पीएनआर नंबराचा मेसेज पुरत नाही. नाव, तारीख आणि उड्डाणाचा नंबर दिसला पाहिजे. कार्ड पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यातून काढून हातात धरा. घरातल्या कर्त्याने सगळ्यांची कार्डं गठ्ठा करून पुढे करू नयेत. जवान एकेकाचा चेहरा पाहतो, म्हणून प्रत्येकाने आपलं कार्ड आपल्या हातात ठेवावं. मास्क, टोपी, गॉगल काढा.

तिरुपतीहून येताना किंवा घरातल्या कार्यानंतर मुंडन झालं असेल तर फोटो आणि चेहरा यांत फरक दिसणारच. जवानांना हे नवीन नाही, पण अशा वेळी दुसरं ओळखपत्र जवळ असलं की बोलणं लवकर संपतं.

कार्ड चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत, टाकू नका. बॅग पट्ट्यावरून गेली की ती पलीकडच्या शहरातच मिळते, आणि ओळखपत्र बोर्डिंगच्या दारात पुन्हा मागितलं जाऊ शकतं. सुरक्षा तपासणीत फोन ट्रेमध्ये जातो. बोर्डिंग पासही त्याच फोनमध्ये असेल तर झडतीच्या वेळी हातात काहीच उरत नाही. पहिल्या खेपेला काउंटरवरून किंवा मशीनमधून कागदी पास काढून घ्या आणि कार्डाबरोबर एकाच खिशात ठेवा, विमानात बसेपर्यंत.

काही ठिकाणी ओळखपत्रापलीकडेही कागद लागतो. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये बाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं, आणि लक्षद्वीपला प्रवेशाची परवानगी. परमिटच्या अर्जात जे ओळखपत्र दिलंत तेच मूळ रूपात बरोबर न्या.

परगावी कार्ड हरवलं तर

सगळ्यात आधी फोन बघा. एमआधार सुरू असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि आधारशी जोडलेला नंबर तुमच्याकडे असेल, तर तिथल्या तिथे ई-आधार उतरवून रंगीत प्रिंट काढा आणि एमआधारही सुरू करून ठेवा. घरी दुसरं मूळ कार्ड असेल आणि दोन-तीन दिवस हातात असतील तर कुरियरने मागवा. पोलिसांकडे हरवल्याची तक्रार नोंदवा. तिची प्रत म्हणजे ओळखपत्र नव्हे, पण कार्ड कोणी गैरवापरात आणलं तर तीच कामी येते.

यातलं काहीच जमलं नाही तर नियमात एक शेवटचा रस्ता ठेवलेला आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या ‘गट अ’ राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर, तुमचा फोटो लावून त्यावर साक्षांकन करून दिलेलं ओळखीचं पत्र गेटवर मान्य होतं. अधिकारी ‘गट अ’चाच हवा, शिक्का फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा आलेला असावा, आणि नाव तिकिटावर आहे तसंच लिहून घ्यावं. हे पत्र मूळ प्रतीतच लागतं. व्हॉट्सअॅपवर आलेला त्याचा फोटो चालत नाही.